आप्पांचं यंत्र सरळ केल्याबद्दल

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. हे शब्द मी आजवर पुष्कळ पत्रांत लिहिले, पण या वेळी ते शब्दशः घ्यावेत. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथा पडलेलो आहे. छातीखाली उशी आहे, हनुवटीसमोर पुठ्ठा आहे, पुठ्ठ्यावर हा कागद आहे आणि आठही अंगं जमिनीला टेकलेली आहेत (खात्री करून घेतली). कण्याच्या डॉक्टरांनी मला काही काळ याच अवस्थेत राहायला सांगितलं आहे. या अवस्थेत माणसाला करता येण्यासारख्या गोष्टी दोनच, पश्चात्ताप आणि पत्रलेखन. पैकी पहिली करून झाली.

तुमचा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही मागच्या पत्रात स्पष्ट केलं नव्हतं, आणि तुमची बहीण ते मुद्दाम विचारायला सांगते आहे. चढताना दुखत असेल तर वय आणि उतरताना दुखत असेल तर हट्ट, असं तिचं निदान आहे. वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी एव्हाना निघाली असेल. पट्टी निघाल्यावर नवीन जागा पहिल्यापेक्षा बरी दिसली की होती तशीच, ते सवडीने कळवा. इकडे सर्व क्षेम आहे. (असं लिहायची पद्धत आहे आणि मी पद्धत मोडणारा माणूस नव्हे.)

पत्रास कारण की, आभार मानायचे राहून गेले होते. तुम्ही जागा बदललीत, नव्या जागेत आप्पांचं बँडसॉ यंत्र मावेना, तेव्हा ‘निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच’ असं म्हणून ते तुम्ही आमच्याकडे धाडून दिलंत. (आप्पा म्हणजे तुमचे वडील आणि माझे सासरे. हे तुम्हाला माहीत आहे, याची मला कल्पना आहे. पण मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि कोणाचाही पहिला उल्लेख ओळखीशिवाय जाऊ द्यायचा नाही ही सवय आता सुटायची नाही.) सोबत तुमचा निरोप होता, ‘चालू स्थितीत आहे, थोडा आवाज करतं.’ दादा, या वाक्यात मला एकही अक्षर बदलायला जागा नाही. ते चालू स्थितीत होतं. कुठे चालू होतं, ते पुढे येईल.

यंत्र आलं त्या दिवशी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. माणसापेक्षा वीतभर उंच, ओतीव लोखंडाचं, हिरव्या रंगाचं. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्ही चाकांवरून फिरणारं दातेरी पोलादी पातं, ज्याला सुरुवात नाही नि शेवट नाही. मधोमध लोखंडी टेबल. टेबलावर लाकूड ठेवायचं, पात्याकडे सरकवायचं आणि हवं तसं वळवत न्यायचं, की पातं रेघेरेघेने कापत जातं. तत्त्व इतकं सोपं आहे की मला लगेच समजलं, आणि जी गोष्ट मला लगेच समजते तिच्यापासून सावध राहायला हवं होतं.

यंत्राबरोबर जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. ते तुम्ही न उघडताच पाठवलंत असं दिसतं. ते हिने उघडलं. आत आप्पांच्या सहाव्या खुर्चीचे सुटे भाग होते. पुढचे पाय, बैठक, पाठीच्या पट्ट्या, आडव्या दांड्या, सगळं तयार. फक्त मागचे दोन पाय, जे खालपासून वरपर्यंत एकसंध जातात आणि मध्ये सुरेख वळण घेतात, ते कापायचे राहिले होते. त्यांच्या दोन जाड फळ्या होत्या, आणि फळ्यांवर आप्पांनी स्वतःच्या हाताने ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा.

आता हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे उलटी गंगा, पण तुम्ही पाचव्या खुर्चीवर बसलेले आहात, तेव्हा सहावीचा इतिहास तुम्हाला वेगळ्या उंचीवरून दिसत असणार. आप्पांनी घरात माणसं सहा म्हणून सहा खुर्च्या करायला घेतल्या. वयाच्या क्रमाने एकेक झाली. ही सर्वांत धाकटी, म्हणून हिची शेवटी. तोवर ही स्टुलावर बसून जेवली, स्टुलावर बसून अभ्यास केला, आणि स्टुलावरूनच उठून लग्न करून माझ्याकडे आली. पुढे आप्पांची नजर गेली. ही माहेरी गेली की ते न चुकता म्हणायचे, ‘तुझी खुर्ची राहिली बघ.’ ही म्हणायची, ‘राहू दे, मी कुठे बसते आहे.’ मला हे सगळं ठाऊक होतं, पण एका खुर्चीचं इतकं काय, असं वाटायचं. गाठोडं उघडल्यावर हिचा चेहरा पाहिला आणि तसं वाटायचं बंद झालं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की ही खुर्ची मी पुरी करणार. हिने माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि म्हणाली, “आधी ते सरळ कापतं का बघा. रेघ एकदाच कापता येते.”

तर यंत्र मागच्या खोलीत ठेवलं आणि मी बटण दाबलं. प्रथम काहीच झालं नाही, मग सगळंच झालं. कपाटावरच्या बाटल्या एकमेकींशी बोलू लागल्या, खिडकीची काच कुजबुजू लागली आणि यंत्र निघालं. थरथरत, एकेक पाऊल टाकत, ते दाराच्या दिशेने चालू लागलं. मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो (त्याचं वजन माझ्या पाचपट आहे, हा भ्याडपणा नव्हे). वायरची लांबी संपली तेव्हा प्लग निखळला आणि ते उंबरठ्यापाशी थांबलं. ‘चालू स्थितीत’चा अर्थ मला तेव्हा लागला.

मी शास्त्रशुद्ध पद्धतीने निघालो. मोटारीपासून यंत्राला गती देणारा रबरी पट्टा काढून पाहिला, तर तो वर्षानुवर्षं एकाच आकारात ताणून बसल्यामुळे त्याच आकाराचा होऊन गेला होता, आणि खुंटीला टांगला तरी लांबट तो लांबटच. (आमच्या छापखान्यातल्या हेडक्लार्कचंही हेच झालं होतं.) नवीन पट्टा आणला. चालणं थांबलं, थरथर अर्धी राहिली. उत्साहाच्या भरात मी एक जुनी फळी घेतली आणि पात्याला लावली. पात्याने ती कापली नाही. पात्याने ती उचलली, टेबलावर दाणकन आपटली, पुन्हा उचलली, आणि तिसऱ्या खेपेला माझ्या हातातून घेऊन कोपऱ्यात फेकली. आवाज असा झाला की तो शब्दांत देणं मी टाळतो. या खोलीची भिंत शेजारच्या दंतवैद्यांच्या दवाखान्याला लागून आहे, हे माझ्या लक्षात होतं. दवाखान्याच्या वेळा मात्र नव्हत्या.

डॉक्टर आले ते हातमोज्यांसकटच आले. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या एका गृहस्थांनी, तोंडात कापूस तसाच ठेवून, गळ्यातल्या रुमालासकट घर गाठलं होतं. बाहेर बसलेले तिघे त्यांच्या पाठोपाठ गेले, आणि जाता जाता एकाने विचारलं म्हणे की डॉक्टर, हे नवीन मशीन कधी आणलंत. मी क्षमा मागितली आणि यंत्र दाखवलं. डॉक्टर रागावलेले होते. पण दाते दिसले की त्यांचा नाइलाज होतो. ते वाकले, कपाळावरचा दिवा लावला, पात्याकडे पाहिलं आणि ज्या आवाजात ते पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, “हे कधीपासून असं आहे?”

मी म्हटलं, “कसं?”

“दाते वरच्या दिशेला आहेत. खाली हवेत. पातं खाली जातंय आणि दाते वर बघतायत. हे चावणार कसं?”

दादा, ते पातं आप्पांच्या पश्चात तुम्ही बसवलं होतंत, असं तुमची बहीण म्हणते. बसवून झाल्यावर ‘यंत्र आता थकलं’ असा निष्कर्षही तुम्हीच काढला होतात, असंही म्हणते. मी काही म्हणत नाही.

तर पातं उलटं आहे, मग सुलटं करायचं, इतकी साधी गोष्ट. मी ते काढलं, वरची बाजू खाली केली आणि चढवलं. दाते वर. पुन्हा काढलं, या वेळी उजवी बाजू डावीकडे केली आणि चढवलं. आता दाते खाली होते, पण पाठमोरे, भिंतीच्या बाजूला. म्हणजे भिंत कापायची असती तर यंत्र तयार होतं. पुन्हा काढलं, दोन्ही बाजू एकदम फिरवल्या. दाते वर. डॉक्टर स्टुलावर बसून हे पाहत होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि एक आकृती काढली. आकृतीप्रमाणे हे काम अशक्य ठरत होतं. आम्ही दोघेही शिकलेली माणसं, त्यामुळे आकृतीवर विश्वास ठेवून आम्ही तुम्हाला पातं विकणाऱ्या दुकानदाराला दोष देऊ लागलो, की पातंच चुकीच्या जातीचं दिलं असणार. तेवढ्यात ही चहा घेऊन आली.

“अहो, उशीचा अभ्रा उलटा असला तर तुम्ही काय करता?”

“तुला हाक मारतो,” मी म्हटलं.

तिने ट्रे खाली ठेवला, हातात माझे बागेचे जाड मोजे घातले, पातं उचललं आणि मनगटाला एक झोका देऊन आतली बाजू बाहेर केली. मग ते चढवलं. दाते खाली, आमच्याकडे तोंड करून. डॉक्टरांनी आपल्या आकृतीची घडी घालून खिशात ठेवली. तेव्हापासून ते रोज दवाखाना बंद केला की यंत्राची तब्येत पाहायला येतात. (त्यांच्या पेशंटांचा यंत्राविषयी अजून गैरसमज आहे, पण डॉक्टर म्हणतात की हल्ली लोक वेळच्या वेळी दात घासू लागले आहेत.)

यानंतरच्या दिवसांना मी माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणेन. एकेक चूक शोधायची आणि दुरुस्त करायची, हेच मी जन्मभर केलं. फरक इतकाच की लेखक भांडायला येतात आणि यंत्र येत नाही. चाकांवरचं रबर वाळून भेगाळलं होतं. नवीन आणलं, ते गरम पाण्यात टाकून मऊ केलं आणि चाकावर चढवलं. हे काम दोन माणसांना जमत नाही आणि तीन माणसं चाकाभोवती मावत नाहीत. शेवटी ही चाकावर गुडघा देऊन बसली, मी एक बाजू धरली, डॉक्टरांनी दाढ उपटायच्या पवित्र्यात दुसरी बाजू ओढली आणि रबर बसलं. खालचं चाक वाकल्याशिवाय दिसत नाही, तर डॉक्टरांनी आपला तोंडात घालायचा छोटा आरसा दिला. (धुऊन दिला, असं ते म्हणाले.) मग पातं चाकाच्या मधोमध धावायला हवं. त्यासाठी वरच्या चाकामागे एक मूठ असते. ती किंचित पिळली की पातं पुढे सरकतं आणि किंचित मागे पिळली की मागे. किंचित म्हणजे किती, हे मला प्रथम कळलं नाही. पातं चाकावरून सुटलं, बंदुकीसारखा बार झाला आणि ते झाकणाच्या आत गुंडाळून पडलं. पलीकडून पुन्हा पावलांचा आवाज आला. एक पेशंट गेला होता.

पात्याच्या दोन्ही अंगांना दोन छोटे ठोकळे असतात. पातं इकडेतिकडे भरकटू नये म्हणून ते जवळ हवेत, पण पात्याला टेकता कामा नयेत. सासूसासऱ्यांनी नव्या संसारापासून राहावं, तितक्या अंतरावर. ते अंतर मी जुन्या मुद्रिताचा कागद मध्ये सरकवून ठरवलं. आणि मग मी टेबलावर गुण्या ठेवला.

(गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन पाहायचं साधन. तुम्हाला माहीत आहेच. सवय.) गुण्याने मला सांगितलं की टेबल काटकोनात नाही. डावीकडे उतरतं आहे, केसाएवढं नव्हे, चांगलं दिसण्याइतकं. मी टेबलाखाली शिरलो, आरसा लावला, आणि काय आढळलं? टेबलाच्या उजव्या बुडाखाली कोणीतरी पत्र्याचा एक तुकडा, घडी घालून, कोंबून ठेवला होता. बिस्किटाच्या डब्याचा असावा. दादा, अनाठायी पडलेला स्वल्पविराम सापडल्यावर मुद्रितशोधकाला जे वाटतं ते मला त्या क्षणी वाटलं. मी तो पत्रा पकडीने उपसला आणि कचऱ्यात टाकला. टेबल खाली बसलं, गुण्या पात्याला चिकटून उभा राहिला, मधून प्रकाशाची रेघसुद्धा दिसेना. मी हिला आणि डॉक्टरांना हाक मारून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “वा! आता चावा बरोबर बसतोय.”

मग चाचण्या. मी पलंगाच्या जुन्या पट्ट्या कापल्या, खोक्यांच्या फळ्या कापल्या, झाडूचा दांडा उभा चिरला आणि हिच्या परवानगीने (ती नंतर मिळाली) स्वयंपाकघरातल्या फळकुटाचा एक कोपरा गोल केला. यंत्र चालू असताना टेबलावर नाणं उभं ठेवलं, ते उभं राहिलं. डॉक्टरांच्या पेशंटांना यंत्र सुरू असल्याचंही कळलं नाही. आता फक्त त्या दोन फळ्या राहिल्या होत्या.

मी त्या दिवशी स्वच्छ शर्ट घातला होता. फळी हातात घेतली आणि यंत्रापुढे उभा राहिलो, तेव्हा ही म्हणाली, “तुम्ही सरका. माझ्या खुर्चीचे पाय मी कापते.” आप्पा हयात असताना यंत्र चालू असेल तर तिला खोलीच्या दारापर्यंतच यायची परवानगी होती. तिथे उभी राहून तिने पाचही खुर्च्या होताना पाहिल्या होत्या, हे मला तिचे हात पाहून कळलं. फळी कशी धरायची, कुठे थांबायचं, अंगठा कुठे ठेवायचा नाही, सगळं तिला येत होतं. अर्ध्यावर, वळणाच्या जागी, तिने फळी पुढे ढकलायची थांबवली. यंत्र चालूच होतं. मला वाटलं काही अडलं, म्हणून बटणाकडे हात नेला, तर ती मान न वळवता म्हणाली, “काही नाही झालं. रेघ बघते आहे.” मग हळूहळू वळण घेतलं. पातं रेघेवरून गेलं नाही, रेघेला खेटून बाहेरून गेलं. “रेघ राखून कापायचं,” ती म्हणाली, “आप्पा सांगायचे, दादाला.” दोन्ही पाय कापून झाले तेव्हा आप्पांची पेन्सिल दोन्हींच्या काठावर वरपासून खालपर्यंत शाबूत होती. डॉक्टरांनी नाक शिंकरलं. भुशाची अ‍ॅलर्जी आहे म्हणाले.

खुर्ची जुळवली. सांधे आप्पांनी आधीच करून ठेवले होते, त्यात पाय ठोकून बसवायचे होते, ते बसले. सरस वाळेपर्यंत आम्ही तिला दोऱ्यांनी बांधून ठेवलं आणि दोऱ्या सोडल्यावर बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं. आम्ही तिघे तिच्यासमोर उभे राहिलो. मग डॉक्टरांनी मान थोडी डावीकडे कलती केली. मीही केली. तशी केल्यावर खुर्ची सरळ दिसत होती.

मी गुण्या आणला. प्रत्येक पाय तपासला. पाय बिनचूक होते. यंत्र बिनचूक होतं. खुर्ची डावीकडे कलत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं आणि सगळं बरोबर निघालं, आणि सगळं बरोबर निघण्यासारखी वाईट अवस्था नाही, कारण मग दुरुस्त करायला काही उरत नाही. शेवटी हिने वहिनींना फोन लावला. (वहिनींनी तुम्हाला सांगितलं नसेल तर तो त्यांचा मोठेपणा.) फोन माझ्या हातात दिला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “टेबलाखालचा पत्रा आहे ना जागेवर?”

मी म्हटलं, “कोणता पत्रा?”

मग त्या म्हणाल्या, “अहो, नाही ना काढलात?”

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन त्या घरात आल्या त्या वर्षी त्यांनी यंत्र पुसताना तो पत्रा कचरा म्हणून काढला होता, आणि आप्पा त्यांच्यावर आयुष्यात एकदाच ओरडले ते त्या दिवशी. खुर्चीचे मागचे पाय वरून सरळ वाटले तरी किंचित फाकलेले असतात. म्हणून ते कापताना टेबल किंचित कलतं हवं. टेबल कलतं करायचा स्क्रू गंजून बसलेला, तेव्हा आप्पांनी पत्रा घातला आणि रेघा त्या कलाला धरून ओढल्या. तुमच्या पाचही खुर्च्या वाकड्या टेबलावर कापलेल्या आहेत, म्हणून त्या सरळ आहेत. आमची एकच सरळ टेबलावर कापलेली. तिचे दोन्ही पाय स्वतःपुरते निर्दोष आहेत आणि एकमेकांशी वाकडे. (अशी माणसं एका छपराखाली नांदतात, हे मी छापखान्यात पाहिलं आहे, पण त्यांच्यावर कोणाला बसायचं नसतं.)

फोन ठेवल्यावर मी हिच्याकडे पाहायचं टाळलं. एक गोष्ट होती, जी एकदाच करता येणार होती, आणि ती करण्याआधी मी तिच्यातली एकुलती एक बरोबर गोष्ट उपटून कचऱ्यात टाकली होती. मी तसं तिला म्हणालो. बहुधा थोडं लांबवून म्हणालो, कारण तिने मध्येच हात वर केला. मग ती गेली आणि खुर्चीवर बसली. नीट टेकून बसली. उजव्या हाताने पायावरची पेन्सिलीची रेघ चाचपली. खुर्ची डावीकडे कलली आणि तिच्याबरोबर तीही कलली. म्हणाली, “बसता येतंय.”

पण मला राहवेना. मी ठरवलं, की यंत्र पुन्हा होतं तसं वाकडं करायचं आणि दुसरे पाय कापायचे. आता सरळ म्हणजे काय हे एकच असतं, ते कुठूनही शोधून काढता येतं. वाकडं म्हणजे नेमकं किती वाकडं, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. मी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला, पावडरच्या डब्याचा कापला, डॉक्टरांनी त्यांच्या औषधाच्या डब्याचं झाकण दिलं. घडी घालायची, टेबलाखाली शिरायचं, कोंबायचं, बाहेर यायचं, पाहायचं, पुन्हा शिरायचं. असाच एकदा शिरलो आणि बाहेर आलो नाही. कंबरेत काहीतरी कट्कन वाजलं, आणि मी टेबलाखाली, आरसा हातात, खालच्या चाकाकडे पाहत राहिलो. डॉक्टर संध्याकाळी आले तेव्हा त्यांना माझे पाय दिसले. त्यांनी वाकून दिवा लावून मला नीट तपासलं आणि म्हणाले, “हा माझा विभाग नाही.”

असं सगळं आहे. यंत्र आता सरळही नाही आणि आप्पांचं वाकडंही नाही, कुठेतरी मध्येच आहे. माझंही तसंच. बाकी मजेत. वहिनींना माझा नमस्कार सांगा (त्यांना उभ्याने केलेला समजावा), गुडघ्याला जपा, आणि पत्राचं उत्तर जरा मोठ्या अक्षरात लिहा, कारण ते मला फरशीवर ठेवून वाचायचं आहे.

आपल्या धाकट्या बहिणीचा,
तूर्त आडवा असलेला,
नवरा

ता.क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण असं, की तुमच्याकडच्या पाचांपैकी एक खुर्ची काही दिवसांसाठी पाठवावी. तिचे मागचे पाय मापून तंतोतंत तसे पाय मी कापीन. यासाठी ती खुर्ची सुटी करावी लागेल. सुटी केलेली खुर्ची पुन्हा पहिल्यासारखी जुळेल असं मला वाटतं. माझ्या वाटण्याचा अनुभव वर दिला आहेच, तरी आपण माझ्यावर विश्वास ठेवाल अशी आशा करतो. शक्यतो तुमची स्वतःची पाठवा, म्हणजे इतर कोणाला वाईट वाटणार नाही.

आणखी ता.क. वरचा ता.क. तुमच्या बहिणीने वाचला. तो रद्द समजावा. ती म्हणते, खुर्ची आहे तशीच राहील, पाय बदलायचे तर रेघही जाईल, आणि ज्याला सरळ बसायची हौस असेल त्याने फरशीवर बसावं. (मी त्याहून पुढे गेलो आहे, हे तिच्या लक्षात आणून दिलं.) ती सध्या यंत्रावर काहीतरी कापते आहे. काय ते सांगत नाही. मला इथून फक्त भुसा दिसतो. तेव्हा खुर्ची पाठवू नये, ही आग्रहाची विनंती.

शेवटचा ता.क. अडचण अशी झाली आहे, की पहिला ता.क. आणि दुसरा ता.क. यांच्या दरम्यान मी डॉक्टरांशी बोललो होतो. त्यांचे जावई कामानिमित्त तुमच्याच गावी निघाले होते, त्यांच्या गाडीच्या टपावर खुर्ची आणता येईल असं ठरलं, आणि ते गेले. त्यांचा फोन लागत नाही, तुमचाही लागत नाही. हे पत्रही त्यांच्याच हाती दिलं असतं, पण ते आधी निघाले, त्यामुळे पत्र पोहोचण्यापूर्वी ते तुमच्या दारात उभे राहिलेले असतील आणि तुम्ही त्यांना खुर्ची बांधून दिलेलीही असेल. दिली नसेल, तर कृपा करून देऊ नका. फक्त त्यांना दुसरं काहीतरी द्या. जावईमाणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायची तुमच्या घरात रीत नाही, हे मी अनुभवाने सांगतो आहे. मात्र त्यांना जे द्याल, ते टपावर मावेल असं द्या.